आपत्तीतील मृतांची ओळख

माणूस गेला म्हणजे त्याचा व्यवहार संपला, असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. माणूस गेल्यावरही त्याच्या नावावरचे पुष्कळसे व्यवहार मागे राहतात. शेताचा फेरफार व्हावयाचा असतो, बँकेतील ठेव वारसांना मिळावयाची असते, विधवेचे निवृत्तिवेतन सुरू व्हावयाचे असते, दिवसकार्य करावयाचे असते. या सर्वांचा आधार एकच वाक्य असते : अमुक नावाची व्यक्ती अमुक दिवशी मृत्यू पावली. घरी, आप्तांच्या देखत मृत्यू आला तर हे वाक्य लिहिणे सोपे असते. परंतु भूकंप, पूर, दरड, आग किंवा मोठा अपघात यांत एकाच वेळी अनेक माणसे दगावली आणि देह ओळखू येण्यासारखे राहिले नाहीत, तर तेच वाक्य लिहिणे फार अवघड होऊन बसते. ते खरे लिहिले जावे यासाठी न्यायवैद्यक शास्त्राने एक पद्धत घालून दिली आहे. ती पद्धत कोणती, आणि बिदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत ती नीट चालावयाची तर काय करावे लागेल, हे समजून घेण्यासारखे आहे.

या दोन जिल्ह्यांची स्थिती इतरांहून थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. खुद्द बिदर, भालकी, औराद हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेषा आखली गेली, पण सोयरिका तुटल्या नाहीत. भालकीची लेक उदगीरला नांदते, आळंदचा तरुण सोलापुरात नोकरी करतो, औरादचा रुग्ण औषधोपचारासाठी हैदराबादला जातो. एकाच घरात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू ऐकू येते. सोलापूर-हैदराबाद हा मोठा रस्ता उमरग्यावरून निघून बिदर जिल्ह्यातील हुमनाबाद ओलांडतो आणि पुढे तेलंगणात शिरतो. देवल गाणगापूरचे दत्तस्थान, कलबुर्गीचा ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा, शरणबसवेश्वराची यात्रा, बिदरचा नानक झिरा गुरुद्वारा, बसवकल्याण, आणि सीमेच्या अलीकडे तुळजापूर, अक्कलकोट व पंढरपूर, या सर्व ठिकाणांची ये-जा याच परिसरातून होते. अशा जागी मोठी दुर्घटना घडली तर मृत एका राज्यात, त्यांचे नातलग दुसऱ्या राज्यात आणि जखमींना नेलेले रुग्णालय तिसऱ्या राज्यात, असे होणे अगदी स्वाभाविक आहे.

या परिसराला आपत्तीचा अनुभव नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाला तीन दशके उलटून गेली आहेत. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तसेच त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आदी गावे जमीनदोस्त झाली. ज्या उमरगा तालुक्याला या संकटाचा मोठा तडाखा बसला, त्याची हद्द बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांना भिडलेली आहे. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत निरनिराळा आढळतो. कोठे तो सुमारे आठ हजार, तर कोठे दहा हजारांच्या जवळ आहे. ढिगारे उपसणे, जखमींना हलविणे आणि वर पाऊस, अशा स्थितीत मृतदेहांवर सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. त्या प्रसंगी दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न त्या दिवसांत राबलेल्या माणसांना विचारणे अन्यायाचे होईल. परंतु पुढच्या वेळेसाठी तो प्रश्न टाळताही येत नाही.

सामुदायिक अंत्यसंस्कारांची घाई बहुधा एका समजुतीतून होते. प्रेते पडून राहिली तर साथ पसरेल, अशी ती समजूत होय. ती सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची आहे. साथ पसरावयाची तर मृताच्या शरीरात त्या रोगाचे जंतू आधीपासून असावे लागतात. भिंतीखाली चिरडून, बुडून किंवा भाजून मेलेली माणसे काही तासांपूर्वी निरोगी असतात. त्यांच्या देहापासून सर्वसाधारण जनतेला पटकीची वा प्लेगची बाधा होत नाही. देह हाताळणाऱ्यांनी हातमोजे व बूट घालावेत, हात स्वच्छ धुवावेत, आणि पिण्याच्या पाण्यात प्रेत राहू देऊ नये, एवढी काळजी पुरेशी असते. पटकीसारख्या साथीनेच मृत्यू आले असतील तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती यांच्या सहभागाने २००६ साली तयार झालेल्या मार्गदर्शिकेत हे स्पष्टपणे सांगितले आहे. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१० साली मृतदेहांच्या व्यवस्थेविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. म्हणजे दुर्गंधी असह्य असते हे खरे, पण दुर्गंधी म्हणजे साथ नव्हे. घाई करण्याचे हे सर्वांत मोठे कारण दूर झाले की ओळखीच्या कामाला लागणारा वेळ मिळू शकतो.

दुर्घटनांचे शास्त्राने दोन प्रकार केले आहेत. विमानात किंवा बसमध्ये कोण बसले होते याची यादी असते. अशी दुर्घटना ‘बंद’ मानतात. भूकंपात, पुरात किंवा यात्रेतील चेंगराचेंगरीत कोण सापडले हे आधी ठाऊक नसते. ती ‘खुली’ होय. पहिल्या प्रकारात काम तुलनेने सोपे असते, कारण जुळवावयाची नावे मोजकी असतात. मात्र व्यवहारात बसची यादी पुष्कळदा अपुरी ठरते. तिकीट एकाच्या नावावर, प्रवास दुसऱ्याचा. वाटेत चढलेल्याचे नाव नाहीच. लहान मुलाची नोंद नाही. ३ जून २०२२ रोजी गोव्याहून हैदराबादकडे निघालेली एक खासगी बस कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरजवळ मालवाहू वाहनाला धडकून पेटली आणि किमान सात प्रवासी जळून मृत्यू पावले. प्रवासाचा आरंभ एका राज्यात, अपघात दुसऱ्यात आणि घरे तिसऱ्यात, असा हा प्रसंग होता. सीमेवरील रस्त्यांवर तो पुन्हा कधीही उद्भवू शकतो.

आगीच्या अपघातात ओळखीचा प्रश्न किती कठीण होतो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०२३ रोजी पाहिले. नागपूरहून पुण्याकडे जाणारी बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजाजवळ मध्यरात्रीनंतर उलटून पेटली. पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले आणि देह ओळखण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. डीएनए चाचणीला काही दिवस लागणार होते. नातलगांच्या संमतीने दुसऱ्याच दिवशी बुलढाण्यात चोवीस जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. शोकाने खचलेल्या माणसांना वाट पाहणे सोसवत नाही, हे कोणालाही समजेल. तरी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. मृत कोण होते हे यादीवरून सांगता आले, परंतु कोणता देह कोणाचा हे सांगता आले नाही. यादी बिनचूक होती तोवर ठीक. यादीत एक नाव कमी-अधिक असते तर ती चूक पुढे कोणालाही दुरुस्त करता आली नसती. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळूरूला जाणारी बस जळाली, तेव्हा मृतांचे व नातलगांचे नमुने घेऊन डीएनए जुळल्यावर देह सोपविण्यात आले. प्रयोगशाळेने तातडी केली आणि नातलगांना तोवर नीट आधार मिळाला, तर काही दिवसांची प्रतीक्षा अशक्य नसते.

आता पद्धतीकडे वळावयाचे. ओळख पटविण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे नातलगाने चेहरा पाहून सांगणे. एरवी तो पुरेसा असतो. मोठ्या आपत्तीत मात्र तो सर्वांत धोक्याचा ठरतो. मृत्यूनंतर चेहरा सुजतो, रंग बदलतो, जखमांनी ओळख हरपते. शिवाय पाहणारा माणूस दुःखाने भांबावलेला असतो. रांगेने मांडलेल्या शंभर प्रेतांतून आपल्या माणसाचे प्रेत शोधताना त्याचे मन कोणत्यातरी एका देहावर स्थिरावण्यासाठी अधीर झालेले असते. आणि कित्येकदा ते भलत्याच देहावर स्थिरावते. अशी एक चूक झाली की ती एक राहत नाही. एका घराने दुसऱ्याचा देह नेला, म्हणजे दुसऱ्या घराला आपला देह मिळणार नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे झालेल्या विमान अपघातात १५८ माणसे मृत्यू पावली. बहुतेक देह पहिल्या काही दिवसांतच नातलगांनी ओळखून नेले. उरलेल्या देहांची डीएनए तपासणी हैदराबादच्या केंद्रात झाली, तेव्हा त्यांतील बारा देह राहिलेल्या कोणत्याही कुटुंबाशी जुळले नाहीत. ते बारा देह अखेर नावाविना पुरावे लागले. प्रयोगशाळेचे काम चोख होते. हातातला धागा त्यापूर्वीच सुटला होता.

सीमाभागात या चुकीला आणखी एक बाजू आहे. येथे एकाच गावात कोणी मृताला अग्नी देतात, लिंगायत समाजात समाधी देण्याची चाल आहे, मुसलमान दफन करतात. देहांची अदलाबदल झाली तर केवळ नाव चुकत नाही. ज्या संस्काराची त्या माणसाला आयुष्यभर अपेक्षा होती, त्याच्या विरुद्ध संस्कार त्याच्यावर होतो. आणि अग्नी दिल्यावर तर चूक सुधारण्याची वाटच बंद होते.

म्हणून पोलिसांची आंतरराष्ट्रीय संघटना इंटरपोल हिने १९८४ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या मार्गदर्शिकेत तीन खुणा प्रमुख मानल्या आहेत. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए या त्या होत. यांपैकी एक जरी निःसंशय जुळली तरी ओळख पक्की समजावी, असा दंडक आहे.

बोटांचे ठसे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत त्वरित. आगीत सापडलेल्या माणसाच्या मुठी उष्णतेने आवळल्या जातात आणि बोटांची टोके पुष्कळदा आत सुरक्षित राहतात, हे अनेकांना ठाऊक नसते. अडचण येते ती ठसा जुळविण्यासाठी जिवंतपणीचा ठसा मिळविण्याची. जगातील पहिली ठसे-कचेरी १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झाली, परंतु तेथपासून चालत आलेले पोलिसांचे दप्तर मुख्यतः गुन्हेगारांचे आहे. आधारसाठी कोट्यवधी लोकांचे ठसे घेतलेले असले, तरी २०१६ च्या आधार कायद्यान्वये ते कोणत्याही कारणासाठी दुसऱ्यास देता येत नाहीत. नागरिकांच्या खासगीपणाचे रक्षण हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र केवळ आपत्तीतील मृतांपुरती, न्यायालयाच्या देखरेखीखाली, काही वाट काढता येईल काय, हा विचार कायदेमंडळाने करण्यासारखा आहे.

दातांचे महत्त्व जगाला पॅरिसमधील एका आगीने पटविले. ४ मे १८९७ रोजी तेथील एका धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे जळाली. चेहरे उरले नव्हते, कपडे उरले नव्हते. तेव्हा दंतवैद्यांनी आपल्या टिपणवह्या आणून दातांत भरलेल्या सोन्यावरून काहींची ओळख पटविली. त्यांत एक सरदार घराण्यातील स्त्रीही होती. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण भाग असल्यामुळे ते आगीतही बराच काळ टिकते. भारतीय खेड्यांत मात्र दंतवैद्याकडे जाणारे थोडे आणि गेलेल्यांची नोंद जपून ठेवणारे त्याहून थोडे. तरीही हा मार्ग अगदीच बंद नाही. लग्नसमारंभातील हसऱ्या छायाचित्रात पुढच्या दातांची ठेवण, फट, तुटलेला कोपरा स्पष्ट दिसतो, आणि तज्ज्ञाला त्याचा उपयोग होतो. बिदर व कलबुर्गी या दोन्ही शहरांत वैद्यक तसेच दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, ही या दृष्टीने जमेची बाजू होय.

तिसरी खूण डीएनएची. प्रत्येक मनुष्याला त्याच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्याचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा बापाकडून मिळतो. म्हणून मृताचा नमुना आईबापांच्या किंवा मुलांच्या नमुन्याशी ताडून पाहिला तर नाते कळते. मृताचा नमुना शक्यतो दाढ किंवा मांडीचे हाड यांतून घेतात, कारण ती उष्णता व कुजणे यांना अधिक काळ दाद देत नाहीत. नातलगाचा नमुना गालाच्या आतून कापसाने पुसून अथवा रक्ताच्या थेंबावरून घेता येतो. परंतु कोणाचा नमुना घ्यावा याविषयी गोंधळ होतो. पती-पत्नींचे रक्ताचे नाते नसते, त्यामुळे पतीच्या ओळखीसाठी एकट्या पत्नीचा नमुना कामाचा नाही. मुलांचा घेतल्यास त्याच्या जोडीला तिचा उपयोगी पडतो. चुलता, मामा, आतेभाऊ यांच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणे अवघड असते. आईबाप, मुले, आणि ती नसल्यास एकाहून अधिक सख्खी भावंडे, हा क्रम होय. अख्खे कुटुंबच दगावले असेल तर मृताचा दात घासण्याचा ब्रश, फणी, किंवा रुग्णालयाने पूर्वी जपून ठेवलेला एखादा नमुना शोधावा लागतो.

येथे सीमाभागातील एक रूढी ध्यानात घ्यावी लागते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल मराठी मुलखात आहे, आणि कानडी मुलखात मामा-भाचीच्या विवाहाचीही आहे. अशा घरांत निरनिराळ्या नात्यांची माणसे डीएनएच्या दृष्टीने एकमेकांच्या अधिक जवळ येतात. एकाच घरातील चारपाच जण एकाच अपघातात गेले असतील तर भाऊ कोणता आणि भाचा कोणता हे ठरविताना प्रयोगशाळेचा तर्क चुकू शकतो. म्हणून नमुन्यासोबत कुटुंबाची वंशावळ लिहून देणे आणि कोणाचे कोणाशी लग्न झाले हे न लपविता सांगणे आवश्यक असते. परगावच्या प्रयोगशाळेला ही रूढी आपोआप समजणार नाही.

या तीन प्रमुख खुणांखेरीज दुय्यम खुणा पुष्कळ आहेत. हातावरचे गोंदण, जुनी शस्त्रक्रिया, जोडवी, मंगळसूत्र, ताईत, गळ्यातील चांदीच्या डबीतले इष्टलिंग, शर्टावरील शिंप्याची खूण, खिशातील भ्रमणध्वनी. यांची नोंद अवश्य करावी. त्यांनी शोधाची दिशा मिळते. पण केवळ त्यांच्या भरवशावर देह सोपवू नये. एकाच सोनाराने घडविलेल्या एकाच नमुन्याच्या पाटल्या एका गावातील दहा स्त्रियांच्या हातांत असतात. भावाचा शर्ट भाऊ घालतो. अपघातात एकाची पिशवी दुसऱ्याच्या अंगाखाली सापडते.

या सर्व खुणांचा उपयोग व्हावा म्हणून काम चार पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी घटनास्थळाची. देह हलविण्यापूर्वी त्याला क्रमांक द्यावयाचा, जागेवरच छायाचित्र घ्यावयाचे, तो कोठे सापडला ते लिहावयाचे, आणि त्याच्या अंगावरील वस्तू त्याच्याजवळच ठेवावयाच्या. तुटलेला अवयव सापडला तर त्यालाही स्वतंत्र क्रमांक. शेजारी पडला म्हणून तो शेजारच्या देहाचा, असे गृहीत धरावयाचे नाही. दुसरी पायरी शवागाराची. तेथे वैद्य देहाची तपासणी करून खुणा गुलाबी रंगाच्या तक्त्यात भरतात. तिसरी पायरी नातलगांची. त्यांच्याकडून बेपत्ता माणसाची माहिती घेऊन ती पिवळ्या तक्त्यात भरली जाते. चौथी पायरी जुळवणीची. गुलाबी तक्ता आणि पिवळा तक्ता शेजारी ठेवून तज्ज्ञांचे मंडळ दोन्ही एकाच माणसाचे आहेत किंवा नाहीत हे ठरविते, आणि मगच देह सोपविला जातो. थोडक्यात, आधी क्रमांक आणि मग नाव. ज्या ठिकाणी घाईने आधी नाव चिकटविले जाते, तेथे पुढचे शास्त्र निरुपयोगी होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळून २६० माणसे गेली. तेथे डीएनएच्या जुळवणीची वाट पाहून देह देण्यात आले आणि दोन-अडीच आठवड्यांत ते काम पुरे झाले. एवढ्या मोठ्या संख्येलाही ही शिस्त लागू करता येते, हे त्यावरून दिसते.

बिदर-कलबुर्गीच्या बाबतीत खरी कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर लागेल. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, असा क्रम असतो. कर्नाटकात गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आधी येते आणि आडनाव पुष्कळदा नसतेच. घरी बसप्पा म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर बसवराज असतो. उर्दूतून कानडीत आणि कानडीतून इंग्रजीत गेलेले नाव प्रत्येक वेळी थोडे बदलते. गावांची आणि जिल्ह्यांचीही तीच गत : गुलबर्गा २०१४ पासून कलबुर्गी झाले, उस्मानाबाद २०२३ पासून धाराशिव. परिणाम असा की एकच बेपत्ता माणूस दोन याद्यांत दोन नावांनी येतो, किंवा दोन माणसे एक समजली जातात. शिवाय गंभीर जखमींना कोणी कलबुर्गीला, कोणी सोलापूरला, कोणी हैदराबादला नेलेले असते. त्यांपैकी जो वाटेत किंवा रुग्णालयात दगावतो, त्याचा पंचनामा त्या त्या ठिकाणच्या पोलिसांकडे होतो, आणि त्याचे नातलग मात्र घटनास्थळीच शोध घेत फिरतात.

यावर उपाय खर्चिक नाहीत. बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेड आणि तेलंगणातील संगारेड्डी व विकाराबाद या जिल्ह्यांनी एकच क्रमांकपद्धती आणि एकच सामाईक यादी आधी ठरवून ठेवली, तर निम्मे काम झाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन केले आहे. असा करार घडवून आणण्यासाठी त्यांनी पुढाकार घ्यावा. पिवळा तक्ता कानडी, मराठी, उर्दू व तेलुगू या चारही भाषांत छापून तयार असावा. नातलगांची माहिती घेणारा माणूस त्यांची बोली जाणणारा असावा. गावचा तलाठी, शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका हे काम उत्तम करू शकते. नावासोबत वडिलांचे नाव, गाव, तालुका व हाकेचे नाव लिहून घ्यावे. कलबुर्गीची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा, दोन्ही शहरांतील वैद्यक महाविद्यालये आणि शेजारच्या राज्यांतील प्रयोगशाळा यांनी नमुने कोणी, कसे व कोठे पाठवावयाचे ते लेखी ठरवावे. आणि वर्षातून एकदा, यात्रेच्या आधी, त्याची तालीम व्हावी. आग विझविण्याची तालीम होते, जखमी उचलण्याची होते. मृतांना क्रमांक देण्याची तालीम अशुभ म्हणून टाळली जाते.

देह टिकविण्याचाही विचार आधी व्हावयास हवा. जिल्ह्याच्या शवागारात थोड्याच देहांची सोय असते. शीतगृहाची मालमोटार हा एक मार्ग. तोही नसेल तर तात्पुरते दफन हा मार्गदर्शिकांनी सांगितलेला उपाय आहे. सुमारे दीड मीटर खोल, एकाच थरात, प्रत्येक देह वेगळा आणि प्रत्येकावर क्रमांक, अशी ही रीत होय. जमिनीखाली तापमान कमी असल्याने देह सावकाश कुजतो आणि ओळख पटल्यावर काढून विधिवत संस्कार करता येतो. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाडमध्ये दरड कोसळल्यावर ओळख न पटलेले देह व अवशेष पुथुमला येथे असेच क्रमांकांनी पुरण्यात आले. पुढे डीएनए जुळत गेले तसतशी नावे कळत गेली. ज्यांच्याकडे दहनाची चाल आहे त्यांना हे रुचणे कठीण आहे. पण हा अंतिम संस्कार नव्हे, योग्य संस्कारासाठी देह राखून ठेवणे होय, हे गावातील जाणत्या माणसांनी आणि सर्व पंथांच्या आचार्यांनी समजावून दिले तर विरोध उरणार नाही.

काही वेळा देह सापडतच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली; सत्तावीस देह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली, तेव्हा शोध थांबविण्यात आला. कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानला जातो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. सात वर्षे वारसाची नोंद नाही, पुनर्विवाहाची मोकळीक नाही, हा काळ गरीब घराला फार मोठा आहे. म्हणून आपत्तीनंतर शासनाला विशेष आदेशाने चौकशी करून मृत्यूची नोंद करावी लागते. या चौकशीलाही आधार लागतो तो पहिल्याच दिवशी नीट भरलेल्या पिवळ्या तक्त्याचा आणि बिनचूक यादीचा. देह मिळो वा न मिळो, कागद खरा असला तर मागे राहिलेल्यांना दाद मागता येते.

तात्पर्य, मृतांची ओळख पटविणे हे केवळ प्रयोगशाळेचे काम नव्हे. तेथील यंत्रे कितीही सूक्ष्म असली तरी पहिल्या दिवशी झालेली गल्लत त्यांना निस्तरता येत नाही. ते काम खरे तर त्या शिपायाचे आहे, जो देह उचलण्यापूर्वी त्याच्या मनगटाला क्रमांक बांधतो. त्या शिक्षिकेचे आहे, जी रडणाऱ्या आईला तिच्याच भाषेत मुलाच्या अंगावरची खूण विचारते. आणि त्या अधिकाऱ्याचे आहे, जो जमावाचा आग्रह सोसून ‘आणखी दोन दिवस थांबा’ असे सांगण्याचे धैर्य दाखवितो. सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या माणसांनी सुखदुःखाची नाती आजवर एकत्र जपली आहेत. त्यांच्या मृतांची यादीही एकच असावी, एवढीच ही अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्याची तयारी संकट येण्यापूर्वीच झाली पाहिजे.